तालुक्याच्या न्यायासनावर कोण बसणार?
सातारा-सांगलीच्या पक्षकारांचा आणि वकिलांचा जाहीरनामा

हा जाहीरनामा एका खुर्चीबद्दल आहे. वडूज, दहिवडी, पाटण, मेढा, कोरेगाव, विटा, तासगाव, शिराळा, आटपाडी, जत अशा तालुक्याच्या गावी कोर्टात जी खुर्ची असते, तिच्याबद्दल. तिच्यावर बसणाऱ्याचे सरकारी नाव लांबलचक आहे: दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर व प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी. जुनी माणसे अजून मुन्सफ म्हणतात, वकील मंडळी जेएमएफसी म्हणतात. आमच्यातल्या बहुतेकांना जन्मात दिसते ते कोर्ट एवढेच. त्या खोलीत ज्याला न्याय मिळाला त्याच्या लेखी देशात न्याय आहे. ज्याला मिळाला नाही, त्याला राज्यघटनेतली कलमे वाचून दाखवून काही उपयोग नाही.

आम्ही सातारा आणि सांगली जिल्ह्यांतले पक्षकार आहोत, वकील आहोत, कायद्याचे विद्यार्थी आहोत. कोर्टाच्या आवारात टाइपरायटर आणि आता संगणक घेऊन बसणारे लोकही आमच्यात आहेत. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचचे काम सुरू झाले. सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांनी त्यासाठी चार दशकांहून जास्त काळ मागणी लावून धरली होती. अपिलासाठी मुंबई गाठण्याची पायपीट थांबली याचा आनंद आम्हालाही आहे. पण अपील जवळ आले म्हणून मूळ निकाल सुधारत नाही. साक्षीदार एकदाच उभा राहतो, त्याचा उलटतपास एकदाच होतो, आणि तो तालुक्याच्या कोर्टात होतो. तिथे नोंदायचे राहून गेले ते वरच्या कोर्टात सहसा सापडत नाही. म्हणून वरची लढाई जिंकल्यावर आता खालच्या पायरीकडे वळण्याची वेळ आली आहे, आणि या चळवळीचा पहिला प्रश्न हा आहे: तिथे बसणाऱ्याची पात्रता काय असावी?

त्या माणसाच्या हातात काय काय असते ते आधी नीट पाहू. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपर्यंत दंड करू शकतो. पण शिक्षा ही पुढची गोष्ट झाली. त्याआधी रिमांड असतो. पोलिसांनी पकडलेल्या माणसाला चोवीस तासांच्या आत त्याच्यापुढे उभे करावे लागते. 'मारहाण झाली का?' हा प्रश्न मान वर करून, आरोपीच्या तोंडाकडे बघत, पोलिसाला दोन पावले मागे सरकवून विचारायचा की कागदावर छापलेल्या ओळीवर टिकमार्क करायचा, यात एखाद्याचा जीव असतो. २०१७ साली सांगलीत पोलीस कोठडीतल्या तरुणाचा मारहाणीत जीव गेला आणि मृतदेह आंबोलीला नेऊन जाळला गेला, हे या जिल्ह्याने पाहिले आहे. कोठडीच्या दारावर कायद्याने उभा केलेला पहिला पहारेकरी म्हणजे हा दंडाधिकारी.

मग दिवाणी बोर्ड. वाटपाचा दावा घ्या. आजोबांच्या काळात तोंडी वाटप झाले, त्याप्रमाणे बांध पडले, प्रत्येकाची वहिवाट वेगळी झाली. सातबाऱ्यावर मात्र सगळ्यांची नावे सामाईक. बहिणींची हक्कसोडपत्रे झाली ती त्यांनी दिली की भावांनी घेतली? फेरफाराची नोटीस खरोखर बजावली की चावडीवर चिकटवल्याचे लिहून मोकळे झाले? विहीर एकाच्या गटात, पाण्याची पाळी चौघांची. सगळे ऐकून हुकूमनामा झाला तरी शेतजमिनीचे वाटप कोर्ट स्वतः करत नाही. तो हुकूमनामा कलेक्टरकडे जातो, तिथून मोजणीला जातो. त्यात गट नंबर, क्षेत्र आणि चतुःसीमा नीट आलेल्या नसल्या तर मोजणीदार हात वर करतो, आणि जिंकलेला पक्षकार दरखास्तीच्या तारखा मोजत म्हातारा होतो. सातबारा कसा तयार होतो हे ज्याने कधी पाहिले नाही, त्याने लिहिलेला हुकूमनामा पुस्तकी दृष्टीने निर्दोष असेल; बांधावर तो उतरत नाही.

आणि तिसरी गोष्ट, जिच्याबद्दल आमच्या भागात फार चीड आहे. ऊसतोडीचा मुकादम उचल घेऊन आला नाही की वाहतूकदार फसवणुकीची फिर्याद देतो आणि ती पुष्कळदा नोंदवून घेतली जाते. तासगाव-कवठेमहांकाळच्या बागायतदाराची द्राक्षे परगावचा व्यापारी गाडी भरून नेतो, चेक देतो, चेक वटत नाही, व्यापाऱ्याचा फोन बंद होतो. तो बागायतदार ठाण्यात गेला तर 'हे दिवाणी आहे' म्हणून त्याला परत पाठवल्याचा अनुभव अनेकांच्या गाठीशी आहे. दोन्हीकडे प्रश्न एकच असतो: पैसा किंवा माल घेतानाच बुडवायचा इरादा होता, की नंतर करार मोडला? फसवणुकीचा गुन्हा या एका प्रश्नावर उभा राहतो किंवा पडतो. तो ओळखायला कलम पाठ असावे लागते, पण तेवढ्याने भागत नाही. उचल कशी दिली जाते, टोळी कशी बांधली जाते, द्राक्षाचा सौदा बागेत कसा तोंडी ठरतो, हे ज्याला ठाऊक आहे त्यालाच साक्षीतला खोटा धागा सापडतो.

इतके सगळे ज्याच्या हाती सोपवायचे त्याच्याकडे काय असावे, याबद्दल या देशाने तीस वर्षांत तीन वेळा मत बदलले आहे. १९९३ साली सर्वोच्च न्यायालयाने अखिल भारतीय न्यायाधीश संघटनेच्या खटल्यात सांगितले की, कनिष्ठ न्यायाधीश होण्यासाठी किमान तीन वर्षे वकिली हवी. पुढे न्यायमूर्ती जगन्नाथ शेट्टी आयोगाने पाहिले की हुशार मुले तीन वर्षे थांबत नाहीत, दुसरीकडे निघून जातात. त्या आयोगाच्या शिफारशीवरून २००२ साली अट काढली गेली. महाराष्ट्राच्या २००८ च्या न्यायिक सेवा नियमांत दोन्ही दारे उघडी राहिली: तीन वर्षे वकिली केलेल्यांसाठी एक, आणि पंचावन्न टक्के गुण मिळवलेल्या, पंचविशीच्या आतल्या ताज्या पदवीधरांसाठी दुसरे. मग २० मे २०२५ रोजी सरन्यायाधीश भूषण गवई, न्यायमूर्ती ऑगस्टिन मसीह आणि न्यायमूर्ती विनोद चंद्रन यांच्या पीठाने तीन वर्षांची अट पुन्हा आणली आणि नियम दुरुस्त करायला सांगितले. ताज्या पदवीधरांना थेट खुर्चीवर बसवण्याचा अनुभव चांगला नाही, असे बहुतेक उच्च न्यायालयांनी कळवले होते. वकिलीचा काळ तात्पुरत्या सनदेपासून मोजायचा. किमान दहा वर्षे वकिली केलेल्या वकिलाने प्रमाणपत्र द्यायचे आणि न्यायिक अधिकाऱ्याने त्यावर शिक्कामोर्तब करायचे. न्यायाधीशाचे विधी-सहायक म्हणून केलेले कामही धरायचे. आणि निवड झाल्यावर कोर्ट चालवण्याआधी एक वर्ष प्रशिक्षण.

आम्ही या निर्णयाच्या बाजूचे आहोत. ते सांगताना एक गोष्ट मोकळेपणाने नोंदवतो. २००२ ते २०२५ या काळात चोवीस-पंचवीस वर्षांची जी मुले-मुली या दोन जिल्ह्यांत न्यायाधीश म्हणून आली, त्यांतली कित्येक अतिशय कष्टाळू आणि स्वच्छ निघाली. त्यांना कमी लेखण्यासाठी ही चळवळ नाही. दोष त्यांचा नव्हता. ज्यांनी कधी एका साक्षीदाराचाही उलटतपास घेतला नव्हता, अशांना चाळीस वर्षांच्या मुरलेल्या वकिलांसमोर आणि खोटे बोलायला सरावलेल्या साक्षीदारांसमोर व्यवस्थेने एकटे बसवले, हा दोष होता.

पण अट आली म्हणजे काम झाले, असे आम्ही मानत नाही. आमची खरी मागणी इथून पुढे सुरू होते. तीन वर्षे म्हणजे नेमके काय?

सनद काढायची, कुणा ज्येष्ठाच्या वकीलपत्रावर आपले नाव घालून घ्यायचे आणि पुण्याला खोली घेऊन तीन वर्षे न्यायाधीशपदाच्या परीक्षेचा क्लास करायचा, ही वाट कुणाला माहीत नाही? अशी तीन वर्षे झालेला उमेदवार आणि ताजा पदवीधर यांत फरक एवढाच की पहिल्याचे वय तीन वर्षांनी जास्त. प्रमाणपत्र देणाऱ्या ज्येष्ठाने ते कनवाळूपणाने दिले, तर त्या कनवाळूपणाची किंमत उद्या पाटणच्या धरणग्रस्ताला मोजावी लागेल. म्हणून आमचे म्हणणे असे आहे की, उमेदवाराने कामाची दैनंदिनी ठेवली पाहिजे आणि ती कोर्टाच्या संगणकावरच्या नोंदींशी ताडून पाहिली गेली पाहिजे: कोणत्या प्रकरणात तो हजर होता, किती साक्षीदारांचा सरतपास किंवा उलटतपास त्याने स्वतः घेतला, किती दावे आणि कैफियती त्याच्या हातच्या आहेत, जामिनाचे किती अर्ज त्याने चालवले. या तीन वर्षांतले किमान एक वर्ष तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या कोर्टातले असावे. जो उच्च न्यायालयातच वावरला त्याने कायदा शिकला असेल, पुरावा कसा घडतो ते पाहिले नसेल. खोटे प्रमाणपत्र देणाऱ्या वकिलावर बार कौन्सिलने कारवाई करावी, मग तो कितीही मोठा असो. आमच्यातले जे ज्येष्ठ वकील या जाहीरनाम्यावर सही करत आहेत, ते स्वतः हे बंधन घेत आहेत.

परीक्षेचीही गोष्ट आहे. महाराष्ट्र लोकसेवा आयोग १०० गुणांची पूर्वपरीक्षा, २०० गुणांची मुख्य आणि ५० गुणांची मुलाखत घेतो. मुख्य परीक्षेत उमेदवारापुढे एक सातबारा, दोन फेरफार, एक मोजणी नकाशा, चार जबाब ठेवावेत आणि त्यावर मराठीत आदेश लिहायला सांगावे. त्यातून जे कळेल ते पन्नास व्याख्या पाठ म्हणून घेतल्याने कळणार नाही.

मराठीत, असे आम्ही मुद्दाम म्हणतो. १९९८ च्या अधिसूचनेने मराठी ही राज्यातल्या कनिष्ठ न्यायालयांची भाषा झाली आहे, आणि मराठी लिहिता-वाचता येणे व भाषांतर करता येणे ही या सेवेची पात्रताच आहे. तरीही साक्षीदार मराठीत बोलतो आणि निकाल इंग्रजीत येतो, असे आजही घडते. ज्याची जमीन गेली त्याला ती का गेली हे वाचता येत नाही. तो निकालपत्र घेऊन शिकलेल्या नातवाकडे जातो आणि नातवालाही अर्धेच समजते. निकाल लागणे म्हणजे हरणाऱ्यालाही कारण कळणे. जतच्या बाबतीत आणखी एक पाऊल पुढे जावे लागेल. तिथल्या पूर्व भागातल्या अनेक गावांत घरची भाषा कन्नड आहे. जत कोर्टात नेमल्या जाणाऱ्या न्यायाधीशाला कामापुरती कन्नड यावी, आणि तोवर तिथे पूर्ण वेळ, शपथेवर काम करणारा दुभाषी असावा. बाकावर बसलेल्या कुणालाही उठवून 'हा काय म्हणतोय ते सांग' असे विचारून कुणाच्या स्वातंत्र्याचा निर्णय होऊ नये.

एक वर्षाच्या प्रशिक्षणाबद्दलही आमचे ठाम मत आहे. उत्तनच्या महाराष्ट्र न्यायिक अकादमीत जे शिकवले जाते ते गरजेचे आहे. पण वर्षातला मोठा भाग नव्या न्यायाधीशाने तालुक्यात काढावा. काही आठवडे ग्राम महसूल अधिकाऱ्याच्या, म्हणजे आपल्या तलाठ्याच्या, दप्तरापाशी. काही भूमी अभिलेख कार्यालयात, मोजणीदाराबरोबर प्रत्यक्ष शिवारात. बेलिफाबरोबर समन्स बजावायला वाडीवस्तीवर. पोलीस ठाण्याच्या कोठडीत, जिल्हा कारागृहात, ग्रामीण रुग्णालयात जिथे जखमांचा दाखला लिहिला जातो तिथे. कौटुंबिक हिंसाचाराचा अर्ज केलेल्या बाईला माहेरी राहायला जागा नसते तेव्हा ती कुठे जाते, हेही त्याने पाहावे. आणि उरलेले महिने अनुभवी न्यायाधीशाशेजारी खुर्ची टाकून बसावे, आदेशाचे मसुदे लिहावेत, ते त्या अनुभवी न्यायाधीशाने तपासून द्यावेत. एकट्याने रिमांड करण्याचा अधिकार हे झाल्यावर.

न्यायाधीशाची बदली दर काही वर्षांनी होते आणि स्वतःच्या गावात नेमणूक होत नाही, हे आम्हाला मान्य आहे. इतकेच नव्हे, तसेच असले पाहिजे. नांदेडचा माणूस पाटणला यावा, पाटणचा नांदेडला जावा. भावकी, जात, साखर कारखाना, पतसंस्था, आमदार यांच्या सावलीपासून न्यायासन लांब राहिले पाहिजे. पण नांदेडहून आलेल्या माणसाला कोयनेच्या पुनर्वसनाची गुंतागुंत, माणदेशातला पाझर तलावाच्या पाण्याचा तंटा, कृष्णाकाठच्या पूररेषेतल्या घरांचे प्रश्न पहिल्या आठवड्यात कुणीतरी समजावून सांगितले पाहिजेत. हे काम जिल्हा न्यायालयाने करावे. आज ते बोर्डावरच्या तारखांमधून, पक्षकारांच्या खर्चाने होते.

ही मागणी आमच्या मातीला नवी नाही. माहुलीच्या रामशास्त्री प्रभुण्यांचे नाव साताऱ्यात प्रत्येक पोर घेते ते १७७३ साली नारायणराव पेशव्यांच्या खुनानंतर रघुनाथरावांना त्यांनी देहान्त प्रायश्चित्त सुनावले म्हणून. त्या धैर्याला आमचे वंदन आहेच. आम्हाला मात्र त्याच्या आधीची वर्षे जास्त महत्त्वाची वाटतात. साताऱ्यातल्या सावकाराघरी चाकरी करणारा हा मुलगा मोठेपणी काशीला गेला, तिथे वर्षानुवर्षे शास्त्र शिकला, मग दरबारी शास्त्री झाला आणि त्यानंतर न्यायाधीश. शिकण्याचा आणि मुरण्याचा तो काळ काढून टाका, आणि धैर्याला उभे राहायला जागा उरत नाही. ज्याला कायदा आणि व्यवहार दोन्ही पक्के ठाऊक आहेत, त्यालाच सत्तेपुढे 'नाही' म्हणता येते. ज्याला स्वतःच्या निर्णयाची खात्री नसते तो सरकारी वकिलाकडे बघतो.

दुसरा धडा १८७९ चा. १८७५ च्या सावकारविरोधी दंग्यांनंतर इंग्रज सरकारला कळून चुकले की, दख्खनचा शेतकरी सावकाराइतकाच कोर्टांनीही नाडला होता. कर्जरोखा पुढे आला, शेतकरी हजर नाही, एकतर्फी हुकूमनामा, जप्ती. मग पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. त्या वेळच्या सातारा जिल्ह्यात आजच्या सांगलीचाही मोठा भाग येत होता. न्यायाधीशाने रोख्याच्या मागे जावे, देवघेवीचा सगळा इतिहास उकरावा, शेतकऱ्याला स्वतः विचारावे, हे त्या कायद्याने बंधनकारक केले. गावपातळीवर मुन्सफ आणि सलोखा करणारे नेमण्याची सोय केली. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानड्यांनी या कायद्याखाली विशेष न्यायाधीश म्हणून याच मुलखात काम केले. कागदाच्या मागे जाऊन पाहा, असे न्यायाधीशाला कायदा करून सांगावे लागले, याचा अर्थ आधीचे न्यायाधीश शिकलेले होते पण त्यांना शेतकरी माहीत नव्हता.

पुढे औंधच्या बहात्तर गावांत २१ जानेवारी १९३९ रोजी राजाने स्वतः सत्ता सोडून स्वराज्याची घटना लागू केली. आजच्या सांगली जिल्ह्यातली आटपाडी आणि कुंडल तेव्हा औंधात होती. निवडून आलेल्या ग्रामपंचायतींकडे न्यायाचेही काम आले. आणि १९४३ ते १९४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारने गावोगाव न्यायदान मंडळे उभी केली. तिथे वकील नव्हता, स्टॅम्प नव्हता, पुढची तारीख नव्हती. लोक इंग्रजांचे कोर्ट सोडून तिथे गेले, कारण तिथला पंच त्यांना ओळखत होता आणि निकाल त्यांच्या भाषेत होता. आम्ही त्या परंपरेचे वारस आहोत आणि अभिमानाने तसे म्हणतो. पण तिच्यातले सगळेच आम्हाला आजच्या न्यायात नको आहे. तिथे अपील नव्हते, शिक्षा कधी कधी शरीरावर घेतली जात होती, आणि गावाने ज्याच्याविरुद्ध मत केले त्याच्या बाजूने बोलणारा कुणी नसे. स्वातंत्र्ययुद्धात ते चालून गेले. राज्यघटना आल्यावर न्याय हा गर्दीच्या विश्वासावर सोपवता येत नाही. म्हणून न्यायाधीश निवडणुकीने नेमावा अशी मागणी आमच्या व्यासपीठावरून कधीही होणार नाही. निवड लोकसेवा आयोगाने आणि उच्च न्यायालयानेच करावी.

कायदा न शिकलेला न्यायाधीश आजही जगात आहे. इंग्लंडमध्ये किरकोळ गुन्ह्यांची सुनावणी करणारे मॅजिस्ट्रेट बहुतेक सामान्य नागरिक असतात, विनावेतन बसतात, आणि शेजारी कायद्याचा जाणकार सल्लागार असतो. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या गावकोर्टांत वकील नसलेले न्यायाधीश आहेत. १९७६ साली केंटकीतल्या एका खाणीच्या गावातला खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. तिथला न्यायाधीश कोळशाच्या खाणीत काम करणारा होता. न्यायालयाने ती पद्धत मान्य केली, पण आरोपीला कायदा शिकलेल्या न्यायाधीशापुढे संपूर्ण नव्याने सुनावणी मिळत होती, या आधारावर. जर्मनीत उलट टोक: दोन राज्य परीक्षा आणि त्यांच्या मध्ये सुमारे दोन वर्षे कोर्ट, सरकारी वकील, प्रशासन, वकिलाचे कार्यालय अशी उमेदवारी. आपल्या तालुका कोर्टात ना शेजारी सल्लागार असतो, ना नव्याने सुनावणी. मग जर्मनीच्या वाटेने जाण्यावाचून गत्यंतर नाही.

इथे आपल्याच तालुक्यातली एक गोष्ट विसरून चालणार नाही. तहसील कचेरीतही न्यायदान होते. शेतरस्ता अडवला, पाट बुजवला, तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली तहसीलदार निवाडा करतो. कुळकायद्याचे प्रश्न त्याच्याकडे. चॅप्टर केसमध्ये तो कार्यकारी दंडाधिकारी म्हणून बाँड घेतो, माणसाला आत पाठवू शकतो. या पदासाठी कायद्याची पदवी लागत नाही, कोणतीही पदवी चालते. दिवाणी न्यायाधीशासाठी तीन वर्षांची वकिली आणि वर्षभराचे प्रशिक्षण, आणि त्याच आवारात पलीकडच्या इमारतीत बसून माणसाच्या वाटेचा आणि कुळहक्काचा निकाल देणाऱ्याला काहीच नाही, ही विसंगती राज्य सरकारने दूर करावी. न्यायनिवाड्याचे काम करणाऱ्या प्रत्येक महसूल अधिकाऱ्याला न्यायिक अकादमीचे प्रशिक्षण आणि सकारण लेखी आदेशाची सक्ती, एवढे तर उद्यापासून करता येईल.

आता या चळवळीला जो आक्षेप आम्ही सर्वांत गंभीर मानतो, त्याबद्दल. तीन वर्षे वकिली करायची, पण खायचे काय? साताऱ्याच्या इस्माईलसाहेब मुल्ला लॉ कॉलेजातून किंवा सांगलीच्या सोती लॉ कॉलेजातून बाहेर पडलेल्या, माण-खटावच्या, शिराळ्याच्या डोंगरातल्या, पारधी वस्तीतल्या मुलामुलीला ज्युनिअर म्हणून महिन्याला जे मिळते त्यात एसटीचा पासही भागत नाही. मुलीच्या बाबतीत तर घरचे तेवढी वर्षे थांबायलाही तयार नसतात. काहीच सोय न करता ही अट आली तर न्यायाधीशाची खुर्ची ज्याच्या घरी पैसा किंवा वकिलीची गादी आहे त्याचीच होईल. ज्यांच्यासाठी ही चळवळ आहे त्यांचीच मुले बाहेर राहतील, आणि ते आम्ही होऊ देणार नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने ज्युनिअर वकिलाला शहरात महिना २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये द्यावेत अशी सूचना केली. सूचना म्हणजे सक्ती नव्हे. आमची मागणी आहे की राज्य सरकारने तीन वर्षांचे विद्यावेतन द्यावे. न्यायिक सेवेची तयारी करणाऱ्या, गरीब घरच्या उमेदवारांना ते आधी मिळावे. त्या बदल्यात त्यांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात गरिबांची प्रकरणे चालवावीत आणि तो काळ वकिलीत धरला जावा. मुलींच्या बाबतीत बाळंतपणाचा काळ तीन वर्षांच्या सलगपणाआड येऊ नये आणि वयोमर्यादेत तेवढी सूट मिळावी. आमच्यातल्या ज्येष्ठ वकिलांनी ठरवले आहे की, ज्युनिअरला फुकट राबवायचे नाही. ज्याच्या हातून उद्या न्याय व्हायचा त्याचे पहिल्या तीन वर्षांचे शिक्षण अन्यायात होता कामा नये.

जागा रिकाम्या राहतील, खटले तुंबतील, अशीही भीती घातली जाते. दहा लाख लोकांमागे पन्नास न्यायाधीश हवेत असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच सांगितले होते आणि त्यासाठी पाच वर्षांची मुदत दिली होती. ज्या काळात अट नव्हती त्या तेवीस वर्षांतही आपण त्याच्या निम्म्यावर पोचलो नाही. तेव्हा तुंबलेल्या खटल्यांचे खापर पात्रतेच्या अटीवर फोडू नये. पदे मंजूर करा, इमारती बांधा, लघुलेखक द्या, वेळेवर जाहिरात काढा.

आमच्या मर्यादाही इथेच सांगून ठेवतो. ही चळवळ कोणत्याही न्यायाधीशाच्या नावाने घोषणा देणार नाही, चालू खटल्यावर बोलणार नाही, निकाल आवडला नाही म्हणून मोर्चा काढणार नाही. कोर्टकाम बंद ठेवून आंदोलन करणार नाही. खंडपीठाच्या लढ्यात कामकाज बंद राहिले तेव्हा त्याची किंमत तुरुंगात जामिनाची वाट बघणाऱ्याने मोजली, हे आम्ही पाहिले आहे. राजकीय पक्षाचे पदाधिकारी सभासद होऊ शकतील, पण व्यासपीठावर बसणार नाहीत.

मागण्या कुणाकडे, तेही स्पष्ट आहे. कनिष्ठ न्यायाधीशांच्या नेमणुकीचे नियम राज्यघटनेच्या अनुच्छेद २३४ नुसार राज्यपाल, लोकसेवा आयोग आणि उच्च न्यायालय यांच्या सल्लामसलतीने होतात. कनिष्ठ न्यायालयांवरचे नियंत्रण अनुच्छेद २३५ ने उच्च न्यायालयाकडे आहे. दैनंदिनी, मराठी आदेशलेखन, तालुक्यातले प्रशिक्षण, जतचा दुभाषी, यांतल्या कशासाठीही संसदेत जावे लागत नाही. मुंबईत, आणि आता कोल्हापुरात, बसून हे होऊ शकते. विद्यावेतनाला पैसे लागतील. ते विधिमंडळाने द्यावेत.

सातारा-सांगलीच्या प्रत्येक गावाला आमची विनंती आहे. येत्या ग्रामसभेत हा जाहीरनामा वाचून दाखवा आणि त्यावर ठराव करा. ठरावाची एक प्रत उच्च न्यायालयाच्या महाप्रबंधकांना, एक राज्याच्या विधी व न्याय विभागाला आणि एक आपल्या आमदाराला पोस्टाने पाठवा, पोच जपून ठेवा. वकील संघांनी आपल्या सर्वसाधारण सभेत प्रमाणपत्राबद्दलचा आणि ज्युनिअरच्या मानधनाबद्दलचा ठराव घ्यावा. कायद्याच्या विद्यार्थ्यांनी आजपासून दैनंदिनी लिहायला सुरुवात करावी, नियम येण्याची वाट पाहू नये. आणि ज्यांची तारीख या आठवड्यात आहे त्यांनी कोर्टातून बाहेर पडताना आमच्या टेबलापाशी थांबून सही करून जावे.